दोन टिचक्या

कोणतीही वस्तू हातात आली की आक्का आधी तिला नखाने दोन टिचक्या मारायच्या आणि मान कलती करून ऐकायच्या. मग तो माठ असो, कलिंगड असो, नाहीतर माझा जेवणाचा डबा. आवाज मनासारखा आला तर म्हणायच्या, "खणखणीत हाय." नाही आला तर ओठ मुडपून, "बद्द वाजतंय." एकदा त्यांनी आमच्या सरांच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरलाही टिचक्या मारल्या. "बद्द," म्हणाल्या, आणि आठवड्याभरात तो बंद पडला. तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं की लोक आधी आक्कांना हाक मारायचे.

ही सवय भोसरीतल्या एका लहानशा कारखान्यातली. तिथे त्या ओतीव लोखंडाचे सुटे भाग तपासायच्या. छोट्या हातोडीने ठोकायचं आणि ऐकायचं. आत डोळ्यांना न दिसणारी चीर असली की आवाज बसका येतो. कारखाना बंद पडला आणि आक्का आमच्याकडे आल्या. आमच्याकडचं काम ऐकाल तर हसाल. घरोघर जाऊन लोकांच्या शौचाचे नमुने गोळा करायचे.

हसू नका, काम महत्त्वाचं होतं. माणसाच्या पोटात असंख्य जिवाणूंचा संसार चाललेला असतो. आपल्या पिंपरी-चिंचवडमधल्या माणसांच्या पोटात कोण कोण नांदतं, कोणाचं कोणाशी सख्य आणि कोणाचं कोणाशी वाकडं, ते आम्ही शोधत होतो. पाळी बदलत काम करणारे कामगार आणि दिवसभर खुर्चीत बसणारे आयटीवाले यांच्यात काही फरक पडतो का, हेही बघायचं होतं. संत तुकाराम नगर, पिंपळे सौदागर, वाकड अशा ठिकाणची कुटुंबं आम्ही निवडली होती. नमुने आणणारे तिघं होते. त्यांतल्या सगळ्यांत जुन्या आक्का.

लोक या कामाला लाजतात. होकार दिलेली माणसं ऐन दिवशी दार उघडत नाहीत. आक्का मात्र बेल वाजवून दोन पावलं मागे सरायच्या आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "पार्सल तयार हाय का?" आतला माणूस शेजाऱ्यांच्या भीतीने झटकन दार उघडायचा. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत वॉचमनने त्यांना अडवलं. बर्फाच्या पेटीत काय आहे ते दाखवल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणाला. "बघायचंय? बघ की रं बाबा," म्हणत आक्का खाली बसल्या आणि एकेक झाकण काढण्याच्या तयारीला लागल्या. पेटीवरची चिठ्ठी वाचून तो जो मागे सरला, तो पुन्हा कधी वाटेत आला नाही. पुढे पुढे तर आक्कांची स्कूटर दिसली की तो स्वतःच फाटक उघडून लांब उभा राहायचा.

मी या प्रकल्पात जाळं विणणारी. म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक जिवाणूचा एक ठिपका काढायचा. जे दोन जिवाणू पुष्कळ माणसांच्या पोटात बरोबरीने सापडतात, त्यांच्यात निळी रेघ. एक असला की दुसरा नसतोच, अशांच्यात लाल रेघ. शेकडो ठिपके आणि रेघा मिळून एक जाळं तयार होतं. नमुन्यांवर नाव नसतं, नुसता नंबर. नंबरामागचं माणूस मला माहीत नसायचं, आणि मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. माणसांपेक्षा आकडे बरे, ते जेवायला थांबा म्हणत नाहीत, असं मी तेव्हा म्हणायचे. शहाणी होते फार.

एक दिवस आक्का माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"ह्ये काय जळमट काढलंयस?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी आमच्या बिल्डिंगीतली भिशी."

"भिशी?"

"व्हय. चौथ्या मजल्यावरची आली की दुसऱ्या मजल्यावरची येतीच. ही तुजी निळी रेघ. आन् तळमजल्यावरची आली की ह्या दोघी उठून जात्यात. ती लाल."

एम.एस्सी.च्या वर्गात मला हे समजायला एक सत्र लागलं होतं. आक्का तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पडद्याला दोन टिचक्या मारून म्हणाल्या, "पर एक सांग. आमच्याकडं एक दिवसाआड पानी येतं. पानी आलं की आमी समद्या टाकीपाशी जमतो. तू वरनं बघितलंस तर म्हनशील, काय ह्यांचं सूत जमलंय! पटतं म्हनून जमलो, का पानी आलं म्हनून? कुनाचं कुनाशी जमतंय त्ये बघतीस, पर का जमतंय त्ये बी बघ."

आमच्या विद्येतला सगळ्यांत अवघड प्रश्न हाच आहे. मी हसून मान डोलावली आणि नेमकी तीच गोष्ट विसरले.

तर झालं असं. बाहेरून तज्ज्ञ यायचे होते. काम बघून ते पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं, हे तेच ठरवणार होते. दोन महिने आधी मला जाळ्याच्या कोपऱ्यात एक मजेदार गोष्ट दिसली. चार ठिपके एकमेकांना इतके घट्ट धरून बसले होते की मध्ये बोट शिरू नये. एकोणीस माणसांच्या नमुन्यांत ते चारही होते, बाकीच्यांत ती चौकडी कुठेच नव्हती. ही सगळी माणसं एका घरातली नव्हती, एका वस्तीतली नव्हती, नंबरांपुढच्या नोंदींत कोणी रात्रपाळीचा कामगार, कोणी शिक्षिका, कोणी इंजिनिअर. मला तर आकाश ठेंगणं झालं. चहाला जाताना मी मनातल्या मनात शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं.

सरांनी जाळं बघितलं आणि चष्मा काढला. सर चांगले, पण पूर्वी एका प्रकल्पात पोळलेले, म्हणून ताकही फुंकून पिणारे.

"हे जरा जास्तच छान आहे," ते म्हणाले. "हे एकोणीस नमुने आणले कोणी?"

मी यादी बघितली. सगळेच्या सगळे आक्कांनी आणलेले. दुसऱ्या दोघांच्या नमुन्यांत ही चौकडी नावालासुद्धा नव्हती.

"या चारांतले तीन दह्यादुधात राहणारे आहेत," सर म्हणाले. "मला काय वाटतं सांगू? आक्का डबे थेट इकडे आणत नसणार. घरी नेतात, फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवतात, झाकणं उघडतात. काहीतरी आत पडतंय."

तसं असेल तर आक्कांनी आणलेला प्रत्येक नमुना फेकून द्यावा लागणार होता, आणि आक्कांनाही घरी पाठवावं लागणार होतं. "तुम्ही त्यांची वही बघा. वेळा जुळतात का पाहा," सर म्हणाले.

आता जे सांगते त्याची मला आजही लाज वाटते. मी आक्कांना सरळ विचारलं नाही. त्या बाहेर गेल्या असताना दोन दिवस चोरासारखी त्यांची वही चाळत बसले. कोणत्या नंबराचा डबा घेऊन किती वाजता निघाल्या, इथे किती वाजता पोचल्या, सगळं गोल गोल अक्षरात लिहिलेलं. एकही वेळ संशयास्पद नव्हती. तरी मी बघत राहिले, कारण मला शीर्षक सुचलं होतं आणि आक्कांची चूक निघाली तर ते जाणार होतं; चूक नाहीच, याची मला पक्की खात्री हवी होती.

तिसऱ्या दिवशी आक्का लवकर परत आल्या. वही माझ्या हातात.

"माजी वही कशापायी बघतीस?" त्या म्हणाल्या. "मला इचार की."

मग मी सगळं सांगितलं. एकोणीस नमुने, चौकडी, फ्रिज, झाकणं. सांगताना माझी नजर टेबलावर होती. आक्कांनी बर्फाची पेटी खाली ठेवली, पदराने हात पुसले आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

"लोखंडात चीर हाय का न्हाई, ह्ये सांगायचा पगार खाल्ला मी जल्मभर," त्या म्हणाल्या. "माजा एक पार्ट कदी माघारी आला न्हाई. आन् आता ह्या वयात तुमाला मी बद्द वाजाया लागले व्हय गं?"

चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या विचारत होत्या, आणि उत्तर खरंच हवं होतं त्यांना.

"नाही, आक्का," मी म्हटलं. "मला नाही वाटत. पण मला कारण सापडत नाहीये."

"मग वाच नंबर. समदे वाच."

मी नंबर वाचू लागले. आक्का वहीत बोट फिरवत होत्या. नंबरामागचं घर त्यांनाच ठाऊक. पाच-सहा नंबर झाले आणि त्यांचं बोट थांबलं. आणखी तीन वाचले आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतायत. बघते तर हसत होत्या. खांदे गदागदा हलत होते.

"अगं बाई, ह्ये तर माजं इरजण!"

हे असं झालं होतं. नमुन्याच्या पंधरा दिवस आधी आक्का एकदा घरी जाऊन डबा देऊन यायच्या आणि समजावून सांगायच्या. त्या वेळी बाया सहज बोलत. दही चिकट होतं, आंबट होतं, लागतच नाही. आक्कांना खराब दही म्हणजे चीर पडलेलं लोखंड. मग पुढच्या फेरीला त्या पिशवीत विरजणाची एक स्टीलची डबी टाकत, आणि ज्या घरी दह्याचं रडगाणं असेल तिथे चमचाभर देऊन येत. नमुना त्यानंतर घेतला जाई. तोवर ते घर रोज आक्कांच्या विरजणाचं दही खात असे आणि ती चौकडी त्यांच्या पोटात मुक्कामाला गेलेली असे. जमली होती ती पटतं म्हणून नव्हे, पाणी आलं म्हणून. टाकीपाशी.

"अहो पण आक्का, नियम..." मी म्हटलं.

"कंचा नियम? तुमच्या कागदावर लिवलंय, कुनाच्या घरी च्या प्यायचा न्हाई. पेले न्हाई. दुखनंखुपनं इचारायचं न्हाई. इचारलं न्हाई. इरजण द्यायचं न्हाई, आसं कुठं लिवलंय? दाव."

नव्हतं लिहिलेलं. कोणाला सुचणार होतं?

"आन् इरजण मागितलं तर न्हाई कसं म्हनायचं?" त्या म्हणाल्या. "आईनं लग्नात दिलंय ते मला. चाकनजवळ आमचा गोठा होता, तितं आता कंपनीचे ट्रक उभे ऱ्हात्यात. म्हस गेली, गोठा गेला, आई बी गेली. इरजण तेवढं एक दिवस बी खंडलं न्हाई."

सर ऐकून घेऊन म्हणाले, "ठीक आहे. पण एकोणीसपैकी किती जणांच्या घरी दिलं?"

आक्का प्रामाणिक. "सतरा नंबरांना दिलं. दोन ऱ्हायले. वाकडचं एक जोडपं हाय, त्यांना न्हाई दिलेलं."

"मग त्यांच्या पोटात कुठून आलं?" सर शांतपणे म्हणाले. "दोन असोत की दोनशे. एवढं सुटल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

सरांचं बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. आक्का मात्र उठल्या. जाताना मला म्हणाल्या, "उद्या सकाळी सुट्टी टाक. स्कूटरवर मागं बसायचं."

वाकडला ती पंचवीस मजली इमारत. नंबरामागचं माणूस मी बघायचं नाही हा नियम होता, म्हणून मी खालीच थांबले. आक्का लिफ्टने वर गेल्या. मी खालच्या सोफ्यावर बसून नखं खात होते. अर्धा तास झाला. तुम्हाला खरं सांगते, त्या अर्ध्या तासात मी शीर्षक विसरले, तज्ज्ञ विसरले. ही बाई लिफ्टमधून मान खाली घालून बाहेर आली तर मी काय करू, एवढंच डोक्यात होतं. आकडे बरे म्हणणारी मी, एका माणसासाठी देव आठवत बसले होते.

लिफ्टचं दार उघडलं. आक्कांच्या हातात प्लॅस्टिकची एक छोटी डबी होती आणि त्या तिला टिचक्या मारत येत होत्या.

"सासूनं दिलंय इरजण तिला," लांबूनच ओरडल्या. "सासू कुठं ऱ्हाती इचार!"

"कुठं?"

"संत तुकाराम नगर! माज्या खालच्या मजल्यावरची माजी मैत्रीण, तिच्या भजनी मंडळातली बाई. मी दिलं मैत्रिणीला, तिनं दिलं हिच्या सासूला, सासूनं दिलं सुनंला. आन् सून म्हनती कशी, आमच्या सासूबाईंचं इरजण लई जुनं हाय!"

मी तिथेच, त्या चकचकीत फरशीवर, वॉचमनच्या देखत आक्कांना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "आगं डबी सांडंल."

आम्ही वाकडची डबी आणि आक्कांच्या घरची डबी, दोन्ही तपासायला दिल्या. निकाल आला तेव्हा सर स्वतः तो कागद घेऊन बाहेर आले. दोन्हींत तीच चौकडी. चौथा जिवाणू बाजारच्या दह्यात आम्हाला सापडला नव्हता. तो चाकणच्या त्या गोठ्यातून लग्नाच्या सामानात आलेला पाहुणा असावा. सर आक्कांसमोर उभे राहिले.

"आक्का, माझं चुकलं," ते म्हणाले. "माफ करा."

"बसा ओ सर," आक्का म्हणाल्या. "तुमी ठोकून बघितलं. बगायचंच अस्तं. चीर न्हाई निघाली, झालं." आणि मग, "तुमच्या घरी दही कसं लागतं?"

सरांनी दुसऱ्या दिवशी डबी आणली.

तज्ज्ञ आले तेव्हा मी त्यांना मुख्य जाळं दाखवलं. त्यातून ती चौकडी कारणासकट वेगळी काढली होती. शेजारी गंमत म्हणून आक्कांच्या विरजणाचं जाळं लावलं होतं, नावं नाहीत, नुसते ठिपके. कोणाकडून कोणाकडे गेलं त्याच्या रेघा. मधला ठिपका आक्का. पाहुणे निम्मा वेळ त्या दुसऱ्या जाळ्यासमोरच उभे होते. काम पुढे चालू राहिलं, आणि आमच्या अर्जात एक नवा प्रश्न आला: घरचं विरजण कोठून आणता? तो भरताना बाया इतक्या बोलतात की आता आम्ही तिथे चार ओळी जागा सोडतो.

यानंतर आक्का माझ्या मागेच लागल्या. मी पिशवीतलं दही खाते हे त्यांना कळलं होतं. "लोकांच्या पोटातलं शोधतीस आन् सोताच्या पोटात पिशवी?" मग त्यांनी मला दही लावायला शिकवलं. दूध बोटाला सोसेल इतकंच गरम, विरजण अगदी थोडं, आणि लावल्यावर हलवायचं नाही. "सारखं झाकण काढून बगायचं न्हाई. त्यास्नी त्यांचं काम करू दे." दही लागलं की नाही, तेही त्या दह्याच्या सटाला टिचकी मारून सांगायच्या. मला तो फरक अजून कळत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाला चाकणच्या कंपनीने जर्मनीला पाठवलं. दोन महिन्यांपूर्वी तिकडे सुनेला सातवा लागला, म्हणून आक्काही निघाल्या. निरोप समारंभाला आम्ही त्यांना गरम कोट दिला. त्यांनी कोटाच्या बटणांना टिचक्या मारून बघितल्या. मग पिशवीतून एक चिनी मातीचा सट काढला.

"फडकं दह्यात भिजवून सावलीत वाळवलंय," म्हणाल्या. "ते घिऊन चाललेय. तितं दुधात टाकलं की झालं. पर मूळ तुज्याकडं ऱ्हाऊ दे. एक दिवस बी खंड पाडू नगं."

मी म्हटलं, "आक्का, एवढ्या घरांत पोचलंय ते. कुठे खंड पडतोय?"

"समद्यांचं असंल. पर मी इचारलं तवा तू खरं सांगितलंस मला. म्हनून तुज्याकडं."

मी आपणहून काहीच सांगितलं नव्हतं हो. दोन दिवस वही चाळली होती मी. तिसऱ्या दिवशी बोलले, तेही त्यांनी पकडलं म्हणून. हे त्यांनाही माहीत होतं. तरी त्यांनी सट माझ्याच हातात दिला, आणि मी तो छातीशी धरून रिक्षाने घरी आणला.

आता प्रयोगशाळेत नवी यंत्रं येतात आणि कोणी त्यांना टिचक्या मारत नाही. मी मात्र रोज दही लावते. प्रवासाला निघाले तर शेजारणीकडे ठेवून जाते.

परवा रविवारी दुपारी फोन आला. आधी नात झाल्याची बातमी. नात कशी रडते तेही ऐकवलं, "आवाज बघ कसा लोखंडावानी हाय!" मग आक्कांचा स्वर जरा उतरला.

"पोरी, इकडं लागंना गं. तीनदा लावलं. फडक्यातलं मेलं वाटतं. लई थंडी हाय. माजं बद्द वाजलं." मग म्हणाल्या, "मुलाच्या कंपनीतला एक जन पुढच्या हप्त्यात तिकडनं इकडं येतोय. तुज्याकडचं कसं हाय?"

मी फोन ओट्यावर सटाशेजारी ठेवला आणि नखाने दोन टिचक्या मारल्या.

तिकडे आक्का मान कलती करून ऐकत असणार.

"खणखणीत हाय," त्या म्हणाल्या. "दे पाठवून."